सात नंबरची सीट

मोठ्याबाईंना शाळेने फार दिवस ठेवून घेतलं नाही, आणि त्यांनीही शाळेचं मन फार दिवस राखलं नाही. पण त्यांच्या बस कंपनीत त्यांना विचारल्याशिवाय टायरमधली हवासुद्धा बाहेर पडत नाही, असं गॅरेजमधले लोक म्हणायचे. हे बोलणं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते थांबवलं नव्हतं.

दोन मुलगे, दोन सुना. थोरला गॅरेज बघायचा. त्याच्याशी बोलायचं तर गाडीखाली वाकूनच बोलावं लागे. धाकटा गाड्यांच्या वेळा लावायचा आणि स्वतः मात्र कुठेच वेळेवर पोचायचा नाही. कंपनीचं खरं डोकं म्हणजे थोरली सून. कॉम्प्युटर शिकून आलेली, मोजकं बोलणारी, एकदा नाही म्हणाली की नाही. तिकिटांचं बुकिंग लोकांच्या फोनवर आणलं ते तिनेच. मग धाकटी आली. तीही कॉम्प्युटरवालीच, पण हिची जीभ आणि बोटं एकाच वेगाने चालायची. सासूला उलट उत्तर द्यायला तिने पहिल्या आठवड्यातच सुरुवात केली, आणि उत्तर चांगलं असलं की मोठ्याबाई भिंतीकडे तोंड करून हसून घ्यायच्या. समोर हसल्या असत्या तर सून डोक्यावर बसली असती.

गेल्या सुट्टीच्या मोसमात कंपनीची फजिती झाली. बुकिंग उघडलं त्या सकाळी सगळं गाव एकदमच फोनला चिकटलं आणि स्क्रीनवर जे चक्र फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. सीट मिळेना, आणि मिळणार नाही असंही कुणी सांगेना. लोक वैतागून तिकीट खिडकीवर आले. खिडकीवरचा कारकून जन्मभर "एक मिनिट" म्हणत आलेला, म्हणून त्याचं नावच 'एक मिनिट' पडलेलं. त्या दिवशी त्याने इतकी मिनिटं मागितली की रांगेतले एक आजोबा म्हणाले, "तुझं मिनिट संपेपर्यंत मी संपेन," आणि रस्ता ओलांडून समोरच्या कंपनीच्या गाडीत जाऊन बसले. त्यांच्या मागून अख्खी रांग गेली. मोठ्याबाईंनी ती पाठमोरी रांग काचेतून पाहिली होती. नंतर मोसम कसाबसा निभावला, पण ते पाठमोरं दृश्य त्यांच्या डोळ्यात कुसळासारखं राहून गेलं.

आता पुढचा मोसम तोंडावर आला होता.

ऑफिसच्या मागच्या खोलीत सर्व्हरचं कपाट घोरत उभं असे. तिथे दोन्ही सुना समोरासमोर बसल्या होत्या. मोठ्याबाईंनी खुर्ची दारातच टाकली. दारात बसलं की आतलं सगळं ऐकू येतं आणि आतल्या माणसाला न विचारता बाहेर जाता येत नाही.

"ताई, मशीन मोठं घेऊन काही होणार नाही," धाकटी म्हणत होती. "सीटांच्या नोंदी ठेवतो तो डेटाबेसच बदलायला हवा. आत्ताचा आणि मी म्हणते तो, दोन्ही रिलेशनलच आहेत, पण एवढे व्यवहार एकदम अंगावर आले की दोघांची वागायची तऱ्हा निराळी."

"रिलेशनल म्हणजे काय गं?" दारातून प्रश्न आला.

"म्हणजे गाड्यांचा तक्ता वेगळा, सीटांचा वेगळा, माणसांचा वेगळा. आणि कुठली सीट कुणाची, हे त्या तक्त्यांचं आपसातलं नातं."

"नात्यांचा कारभार! मग भांडणं व्हायचीच. त्यात मशीनचा काय दोष?"

थोरलीने चष्मा पुसला. ती विचारात पडली की चष्मा पुसायची. "आई, भांडण एकाच गोष्टीचं आहे. दोन माणसं एकाच वेळी एकच सीट मागायला आली तर काय करायचं?"

"आधी आला त्याला द्यायची."

"दोघं एकदम आली."

"एकदम कुणी येत नसतं. जुळीसुद्धा मागेपुढे होतात."

"तेच तर माझा डेटाबेस करतो," थोरली म्हणाली. "पहिला आला की सीटला कुलूप. त्याचं आटपेपर्यंत दुसऱ्याने दाराबाहेर थांबायचं. घ्यायला आला असेल तरी थांबायचं, नुसता बघायला आला असेल तरी थांबायचं. पण दार उघडल्यावर जे दिसेल ते शंभर टक्के खरं."

"आणि तोवर दारात जत्रा," धाकटी म्हणाली. "बघणाऱ्याने का ताटकळायचं? माझा डेटाबेस बघणाऱ्याला थांबवतच नाही. एकजण सीट घेत असतो तेव्हा बाकीच्यांना तो सीटची आधीची प्रत दाखवतो. व्यवहार पक्का झाला की नवी प्रत. आणि दोघांनी एकाच सीटवर हात टाकला, तर पहिल्याचं पक्कं करतो आणि दुसऱ्याला सांगतो, तुम्ही पाहिलंत ते आता जुनं झालं, पुन्हा या."

"आणि त्या जुन्या प्रतींचा पसारा कोण आवरणार? मागून झाडू घेऊन फिरावं लागतं त्याच्या."

"घर म्हटलं की झाडू आलाच, ताई."

मोठ्याबाईंनी दोन्ही डेटाबेसांचं तिथल्या तिथे बारसं करून टाकलं. थोरलीचा तो 'कुलूप' आणि धाकटीचा तो 'आरसा'. डेटाबेसांच्या मूळ नावांपेक्षा ही नावं सोपी होती, त्यामुळे दोन दिवसांत गॅरेजमधल्या मेकॅनिकांच्या तोंडीही तीच बसली. कुणी कुलपाच्या बाजूचा, कुणी आरशाच्या. दोन्हींतलं कुणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे वाद रंगात आला.

त्याच आठवड्यात जेवायच्या टेबलावर धाकटीने खरी गोष्ट काढली. दुसऱ्या शहरातली एक मोठी कंपनी तिला बोलावत होती. काम तिच्या आवडीचं, हाताखाली माणसं.

"मी अजून हो म्हटलेलं नाही," ती ताटाकडे बघत म्हणाली. "पण इथे मी काही सुचवलं की एकच उत्तर येतं, 'आपल्याकडे आधीपासून असंच आहे.' माझं म्हणणं एवढंच, आरशाची एकदा सरळ तपासणी होऊ द्या. तेवढंही होणार नसेल, तर मग मी तिकडेच जाते."

"आणि मी हिच्याबरोबर," धाकटा म्हणाला. या एका वाक्याला तो वेळेवर पोचला.

धाकटीने मागितली होती सरळ तपासणी. पण मोठ्याबाईंचे कान त्यांना हवं तेवढंच आत घेत. त्यांनी ऐकलं ते असं: आरसा हरला की धाकटी गेली.

'जा' म्हणायला त्यांना आयुष्यात कधी वेळ लागला नव्हता. ड्रायव्हर, कंडक्टर, व्यापारी, दोन भाऊ, एक नणंद, सगळ्यांना त्यांनी ते वेळोवेळी ऐकवलं होतं. 'राहा' हा शब्द मात्र त्यांच्या जिभेला कधी वळलाच नव्हता. त्या म्हणाल्या, "ज्याला जायचंय त्याला गाड्यांची काय कमी? आपल्याच आहेत." आणि ताट तसंच ठेवून उठल्या. घरात त्या दिवशी कुणीच नीट जेवलं नाही.

तपासणी सुरू झाली. सुनांनी आधी खोटी गिऱ्हाइकं बनवली. म्हणजे माणसं नाहीतच. एक प्रोग्राम ढीगभर गिऱ्हाइकांचं सोंग घेऊन दोन्ही डेटाबेसांवर सीटा मागत सुटला. दोघंही पास. आरसा जरासा पुढे. मोठ्याबाईंनी चहात साखर जास्त घातली आणि चेहरा मात्र कोरडा ठेवला.

पण थोरलीचं समाधान होईना. "ही गिऱ्हाइकं फार शहाणी आहेत. कुणी ही सीट मागतं, कुणी ती. कुणाला कोपर म्हणून नाही. आपली माणसं अशी असतात का?"

"नसतात," धाकटीने लगेच मान्य केलं. "खरी माणसं आणू या."

म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी गॅरेजमध्ये सगळे जमले. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, त्यांच्या बायका, मेहुणे, पोरीबाळी, सगळे आपापला फोन घेऊन. गाड्या बाहेर काढून आत बाकं टाकली होती. डिझेलचा आणि चहाचा वास एकमेकांत मिसळला होता. दोन फेऱ्या ठरल्या: आधी कुलूप, मग आरसा. दोन्ही फेऱ्यांत एक खोटी गाडी बुकिंगला उघडायची आणि सगळ्यांनी एकदम तुटून पडायचं.

मोठ्याबाईंनी मनाशी हिशोब मांडला होता. कुलूप माणसांना दारात थांबवतं. मग सगळेच्या सगळे एकाच दारात उभे राहिले तर? कुलूप तिथेच गुदमरणार. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुलूप हरणार, आरसा जिंकणार, आणि कुणाला काही म्हणायची वेळच येणार नाही. त्यांनी सगळ्यांत जुन्या ड्रायव्हरला गाडीच्या आडोशाला बोलावलं. गाडीही सावकाश, जेवणही सावकाश, बोलणंही सावकाश, म्हणून त्याला सगळे सावकाशच म्हणायचे.

"सगळ्यांच्या कानात सांग," मोठ्याबाई म्हणाल्या. "पहिल्या फेरीला सात नंबरची सीट मागायची. सगळ्यांनी."

"आणि दुसऱ्या फेरीला?"

"दुसऱ्या फेरीला ज्याला जी आवडेल ती."

"बरं," सावकाश म्हणाला, आणि जरा विचार करून पुन्हा म्हणाला, "बरं बाई."

पहिली फेरी सुरू झाली. सगळ्यांनी सात नंबरवर बोट ठेवलं. आता योग असा, की सगळ्यांत आधी बोट पडलं ते सावकाशचं. सीटला कुलूप लागलं, आणि फोनने त्याला नाव विचारलं. सावकाशने खिशातून चष्मा काढला. चष्मा शर्टाला पुसला. मग एका बोटाने एकेक अक्षर शोधत, सापडलं की आनंदाने मान हलवत, त्याने नाव लिहायला घेतलं. बाकी सगळ्या गॅरेजच्या फोनवर चक्र फिरू लागलं. ज्यांना नुसतं बघायचं होतं त्यांच्याही.

"आटप की रे बाबा!" कंडक्टर ओरडला.

"आडनावात आलोय," सावकाश म्हणाला. "एक अक्षर चुकलंय बहुतेक. खोडतो."

लोक हसून हसून बाकांवरून घसरले. चक्रं फिरत राहिली. शेवटी थोरलीने हात वर करून फेरी थांबवली. तिचा चेहरा उतरला होता. मोठ्याबाईंनी छताकडे पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

मग दुसरी फेरी. ज्याला जी आवडेल ती. इथेच सगळं फिसकटलं, कारण मोठ्याबाई एक गोष्ट विसरल्या होत्या. जमलेली माणसं बसवाल्यांची होती. आणि बसवाल्यांच्या घरात शेंबडं पोरही सांगेल की गाडीत बसायला सीट एकच, सात नंबर. चाकावर नाही म्हणून धक्का कमी, दारापासून लांब म्हणून वारा कमी, खिडकी अख्खी, आणि जाताना ऊन लागत नाही. ज्याला जी आवडेल ती म्हटल्यावर सगळ्यांनी, कुणीही न सांगता, पुन्हा सात नंबरच मागितली.

आरशाने कुणाला थांबवलं नाही. सगळ्यांना सात नंबर रिकामी दिसली. सगळ्यांनी नाव लिहिलं, वय लिहिलं, कुठे उतरणार ते लिहिलं. सगळ्यांनी बटण दाबलं. एका मेकॅनिकच्या बायकोला सीट मिळाली. ती टाळी वाजवून उठली. उरलेल्या सगळ्यांना आरसा म्हणाला, तुम्ही पाहिलंत ते जुनं झालं. प्रोग्राम इमानी होता. त्याने प्रत्येकासाठी आपणहून पुन्हा प्रयत्न केला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. मागच्या खोलीतलं कपाट घोरायचं थांबून किंचाळायला लागलं. आणि गॅरेजमध्ये ही बोंब.

"मघाशी रिकामी होती की!"

"एवढं सगळं लिहून घेतलं आणि मग नाही म्हणाला? पोरगी दाखवून लग्न मोडलं म्हणायचं हे!"

"आरशात दिसली, हातात कुठे आली?" या वाक्यावर टाळ्या पडल्या.

कुलपाच्या फेरीत लोक हसले होते. आरशाच्या फेरीत चिडले. हसणारं गिऱ्हाईक बसून राहतं, चिडलेलं रस्ता ओलांडतं, हे मोठ्याबाईंना समोरच्या कंपनीने शिकवलेलं होतं. धाकटी स्क्रीनसमोर ओठ चावत बसली होती.

"असं कसं?" ती पुटपुटली. "पहिल्या फेरीत सगळ्यांनी सात. दुसऱ्या फेरीतही सगळ्यांनी सात. कुणाला दुसरी सीटच नको?"

"दुसऱ्या फेरीचं आपापल्या मर्जीने हो, सूनबाई," सावकाश म्हणाला. "पहिल्या फेरीचं तेवढं बाईंनी सांगून ठेवलं होतं."

सावकाशने आयुष्यात झटकन केलेली ही पहिलीच गोष्ट.

सगळ्यांच्या माना एकदम मोठ्याबाईंकडे वळल्या. "बघत काय बसलात सगळे!" मोठ्याबाई कडाडल्या. "गाड्या काय आपोआप धुतल्या जाणारेत?" लोक हसू दाबत पांगले. तिघी उरल्या.

"पहिल्या फेरीत," थोरली शांतपणे म्हणाली. "म्हणजे माझ्या. मला हरवायचं होतं तुम्हाला, आई?"

"तुला कोण हरवणार? आणि तू काय कुठे जाणार आहेस थोडीच!"

"म्हणून? मी जाणार नाही, म्हणून मला धक्का दिला तरी चालतो?"

मोठ्याबाई एक पाऊल मागे सरकल्या. दोन्ही सुनांनी हे आजवर पाहिलं नव्हतं.

"आणि मी एकच गोष्ट मागितली होती," धाकटीचा आवाज चढला. "तपासणी सरळ व्हावी. बस. तेवढंसुद्धा—"

"तुझ्याच बाजूने केलं ना, मेले!"

"बाजूने नको होतं! सरळ हवं होतं."

"सरळ केलं असतं आणि हरली असतीस तर? गेली असतीस की नाही चालती?"

शब्द तोंडातून सुटला आणि परत घेता येईना. मोठ्याबाईंनी मान फिरवली. पण गॅरेजच्या त्या बाजूला गाडीची काच होती आणि काचेत त्यांचा चेहरा दोघींना स्वच्छ दिसत होता.

पहिलं हसू फुटलं ते थोरलीला. तीही हसू शकते हे मेकॅनिकांनी बाहेरून ऐकलं आणि नळ बंद करून ऐकत राहिले. "आई," ती डोळे पुसत म्हणाली, "'राहा' एवढा एक शब्द म्हणायचा होता. तेवढ्यासाठी सगळं गॅरेज कामाला लावलंत?"

"मी काही राहा म्हटलेलं नाही."

"नाही, नाही. सात नंबर म्हटलंत."

धाकटी हसली नाही, पण तिचा आवाज उतरला. "ताई, मला एक सांगा. सावकाशकाकांना नाव लिहायला वेळ लागला, ठीक आहे. पण तेवढा वेळ सीटला कुलूप का होतं? नाव लिहून झाल्यावर कुलूप लावायचं ना."

"आधी सीट धरायची, मग नाव विचारायचं. तसंच लिहिलंय मी."

"का पण?"

थोरली बोलायला लागली आणि थबकली. तिने गॅरेजच्या दारातून दिसणाऱ्या तिकीट खिडकीकडे पाहिलं. तिथे भिंतीवर अजून जुनी लाकडी फळी लटकत होती: प्रत्येक सीटचा एक खिळा, खिळ्याला पत्र्याचा बिल्ला. कॉम्प्युटर यायच्या आधी सीट दिली की तो बिल्ला काढायचा. "मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आईंनी मला खिडकीवर बसवलं होतं. म्हणाल्या, 'आधी बिल्ला हातात, मग तोंडाने नाव. उलट केलंस तर याद राख.' मी प्रोग्राम लिहिला तेव्हा... तसाच लिहिला."

दोघींनी एकदम सासूकडे पाहिलं.

"मग? चुकीचं होतं का ते?" मोठ्याबाईंनी पवित्रा घेतला. "एकदा तरी एक सीट दोघांना गेली का माझ्या खिडकीवर?"

"नाही, आई. खिडकीवर बरोबरच होतं," धाकटी म्हणाली. "फळीपर्यंत हातच एक पोचायचा, एक मिनिटकाकांचा. आता सगळ्या गावाचे हात फळीवर आहेत. सावकाशकाकांनी बिल्ला मुठीत धरला आणि चष्मा पुसत बसले. कुलूप असो नाहीतर आरसा, दोघांकडेही आपण बिल्लाच आधी मागतोय, नाव मागून: कुलपात बाकीचे ताटकळतात, आरशात नाव लिहून होईपर्यंत पाहिलेलं जुनं होतं."

"म्हणजे इतके दिवस आपण भलत्याशीच भांडत होतो," थोरली म्हणाली, आणि खुर्ची ओढून धाकटीशेजारी बसली. समोर नाही, शेजारी. मोठ्याबाईंना ते दिसलं. त्यांनी चहा सांगितला आणि स्वतःच उठून आणला, कारण सांगितलेला चहा येईपर्यंत तिथे काय बोलणं होईल ते हुकलं असतं.

बोलणं फारसं कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटत होतं. आधी दोघी एकमेकींना "नाही, नाही" म्हणत, मग "हो, पण" म्हणायला लागल्या, आणि मग एकीचं वाक्य दुसरी पुरं करू लागली. नाव, वय, उतरायचं ठिकाण, सगळं आधी विचारून घ्यायचं. सीटला हात लावायचा तो अगदी शेवटी, पापणी लवते तेवढाच. मग आठवडाभर मागच्या खोलीत कपाट घोरत होतं आणि त्याच्यासमोर दोघी कीबोर्डवर टकटक करत होत्या.

पुढच्या सुट्टीला पुन्हा तीच मंडळी, तेच गॅरेज. या वेळी मोठ्याबाई कुणाच्या कानाजवळ गेल्या नाहीत. थोरलीने त्यांना मुद्दाम बाकावर आपल्याशेजारी बसवलं होतं आणि कुलूप लावल्यासारखा त्यांचा हात हातात धरून ठेवला होता. सगळ्यांनी सात नंबर मागितली, तीही कुणी न सांगता. कुलपावर काम झटपट झालं. आरशावरही झटपट झालं. घेणाऱ्यांना फरक कळेना. सावकाश तर दोन्हींत आडनावापर्यंत पोचायच्या आत सात नंबर गेली, आणि त्याने मुकाट्याने अकरा घेतली.

फरक कळला तो बघणाऱ्यांना. नुसतं बघणारेच तर जास्त: सीट आहे का, नाही का, उद्या जावं का परवा, मेहुणीला विचारून सांगतो. कुलपावर घेणाऱ्यांची झुंबड उडाली की हे सगळे मधूनमधून अडकून पडत. आरशावर त्यांना कुणी अडवतच नव्हतं.

"आरसाच घेऊ या," थोरली म्हणाली. धाकटीने तोंड उघडायच्या आत म्हणाली. "पण सीट द्यायच्या त्या क्षणापुरतं कुलूप मी त्यातही घालणार. आरशातही ती सोय आहे, मी वाचलंय. लोकांना सगळं लिहायला लावून परत पाठवणं मला जमणार नाही."

"घाला. आणि झाडू मी मारेन," धाकटी म्हणाली.

नोकरीचं मात्र ती काही बोलली नाही. मोठ्याबाईंनीही विचारलं नाही. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिलाच विचार ना आई," आणि उशीर झाला म्हणून निघून गेला. विचारणं म्हणजे अर्धं 'राहा' म्हणणंच. मोठ्याबाई रोज विचारायचं ठरवून मागच्या खोलीपर्यंत जायच्या, तिथे "पंखा कशाला चालू ठेवलाय?" म्हणायच्या आणि परत यायच्या.

मोसमाचं बुकिंग उघडलं त्या सकाळी मोठ्याबाई खिडकीमागे उभ्या राहिल्या. रस्त्यावर सकाळचं कोवळं ऊन होतं. समोरच्या कंपनीचा माणूस दारात उभा राहून इकडेच बघत होता. बुकिंग उघडलं. कपाट नुसतं घोरत राहिलं. खिडकीवर दोन-चार माणसं आली, तिकिटं घेऊन गेली. एक मिनिटने सवयीने तोंड उघडलं, "एक—" आणि पुढचं मिनिट मागायची पाळीच आली नाही. तो बिचारा कावराबावरा झाला. गेल्या वर्षीचे ते आजोबासुद्धा आले. "काय, संपलं का तुझं मिनिट?" म्हणाले आणि तिकीट घेऊन गेले.

मोठ्याबाईंची छाती अशी भरून आली की त्यांनी लगेच कुणाला तरी रागवायला शोधलं. कुणी सापडलं नाही. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि गंमत म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीत सात नंबरवर बोट ठेवलं.

सीट गेलेली होती. मालकिणीच्या फोनवर नावही दिसे. नाव धाकटीचं होतं. आणि गाडी त्याच शहराची. त्या मोठ्या कंपनीच्या शहराची.

त्या मागच्या खोलीपर्यंत गेल्या. या वेळी पंखा बंद होता, त्यामुळे बोलायला काही निमित्तच उरलं नाही.

"निघालीस?" त्या म्हणाल्या.

धाकटी वळली. "निघाले. त्या लोकांना फोनवर 'नाही' सांगितलं की ते 'नीट विचार करा' म्हणतात. म्हटलं, तोंडावरच सांगून यावं. आणि ताईंना त्यांचं सर्व्हरचं दालन बघायचंय. आठ नंबर त्यांची आहे. तुम्ही बघितली नाहीत का?"

मोठ्याबाईंनी बघितली नव्हती. सातच्या पुढे त्यांची नजरच गेली नव्हती.

"दोघी एकदम जाणार? मग इथलं कोण बघणार?"

"तुम्ही. दुसरं कोण बघतंय इथलं?" हे उत्तर चांगलं होतं, पण भिंत लांब होती, त्यामुळे मोठ्याबाईंना समोरच हसावं लागलं.

"आणि परतीची तिकिटं?" त्यांनी चेहरा सरळ करत विचारलं.

"तीही काढलीत. सात आणि आठच."

"अक्कल नाही ती नाहीच. सात नंबरला ऊन लागत नाही ते जाताना. येताना तीच बाजू भाजून निघते. पलीकडची घे."

"म्हणजे लवकर या म्हणताय ना, आई?"

"मी सीटबद्दल बोलतेय," मोठ्याबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातातून फोन घेऊन स्वतःच परतीच्या सीटा बदलायला लागल्या. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. कपाट शांतपणे घोरत राहिलं आणि बाहेर कुणाचंही चक्र फिरलं नाही.